रानबैलाचे कातडे

पोर्तुगीज वाङ्मयाच्या इतिहासात ‘मार्केझा द आलोर्ना’ या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या कवयित्रीला मानाचे स्थान आहे. लिओनोर द आल्मैदा हे तिचे नाव; जन्म १७५० चा, मृत्यू १८३९ चा. तिच्या पदवीतले आलोर्ना पोर्तुगालच्या नकाशावर शोधून सापडायचे नाही. ते आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आहे. शापोरा नदीच्या काठच्या या गावाला आम्ही हळर्ण म्हणतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला तिथे आहे, जांभ्या दगडाची तटबंदी आणि खंदक आहे. या कवयित्रीने हळर्ण कधी पाहिले नाही. तिच्या आजोबांनी ते जिंकले होते.

आजोबांचे नाव दों पेद्रु मिगेल द आल्मैदा. १७४४ ते १७५० या काळात ते गोव्याचे व्हाइसरॉय होते. १७४६ च्या मे महिन्यात त्यांच्या सैन्याने भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यांना ‘आलोर्नाचे मार्केश’ ही पदवी दिली. आल्मैरीं या गावाजवळची त्यांची शेतीवाडीही पुढे याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिथल्या द्राक्षांची वाइन आजही आलोर्ना या नावाने विकली जाते. जिंकलेल्या जागेचे नाव पदवीत मिरवण्याची ही रीत पोर्तुगीजांनी नव्याने काढलेली नव्हती. ऱ्हाइनपलीकडच्या जर्मन टोळ्यांवर स्वाऱ्या करणारा रोमन सेनापती द्रुसुस इसवी सनापूर्वी ९ मध्ये मरण पावला, तेव्हा रोमच्या सीनेटने त्याला आणि त्याच्या वंशजांना ‘जेर्मानिकुस’ हे उपपद बहाल केले. जिंकलेल्या भूमीचे नाव जेत्याच्या घराण्याला मिळाले आणि त्या भूमीतल्या माणसांच्या वाट्याला कर आला.

गोव्याच्या इतिहासाचे बहुतेक वाचन व्हाइसरॉय, तह आणि लढाया यांच्यापाशी थांबते. माझी सारी नोकरी डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत जमिनीच्या मोजणीत गेली. सत्तेचे स्वरूप मी खालून, बांधावरून पाहिले. म्हणून असेल, पण सेनापती किल्ला जिंकतो तेव्हा राज्य येते, हे मला कधी पटले नाही. राज्य येते पुढच्या हंगामात. तेव्हा सेनापती परत गेलेला असतो आणि मधल्या दर्जाचा एक अधिकारी हातात यादी घेऊन गावात उभा असतो. त्याचे नाव इतिहासात क्वचितच राहते. रोमन इतिहासकार तासितुस याने असे एक नाव जपून ठेवले आहे, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

तो अधिकारी होता ओलेन्नियुस. सेनेत शतनायकांतील सर्वोच्च पदापर्यंत तो चढला होता आणि फ्रिसी या जर्मन टोळीवर अंमल चालवण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. फ्रिसी लोक उत्तर समुद्राच्या काठच्या दलदलीत राहत, गुरे पाळत. ते गरीब आहेत हे जाणून द्रुसुसने त्यांच्यावर सौम्य कर बसवला होता: सैन्याच्या उपयोगासाठी बैलांची कातडी. कातडे केवढे, किती जाड, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. जे येई ते घेतले जाई. ओलेन्नियुसने एकच गोष्ट केली. त्याने रानबैलाचे कातडे हे प्रमाण ठरवले. करार बदलला नाही, कातड्यांची संख्या वाढवली नाही. युरोपच्या अरण्यातला तो रानबैल आज नामशेष झाला आहे. पण आपल्या वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगतो, सत्तरीच्या रानातला गवा डोळ्यांसमोर आणावा आणि पेडण्याच्या मळ्यात नांगराला जुंपलेला गावठी बैल त्याच्या शेजारी उभा करावा. फ्रिसींची पाळीव गुरे लहान चणीची होती. त्या मापाचे कातडे ती देणार कुठून? तासितुस सांगतो की लोकांनी आधी गुरे दिली, मग शेते दिली, आणि शेवटी बायकामुले गुलामगिरीत दिली. तक्रारी झाल्या, दाद लागली नाही. इसवी सन २८ मध्ये टोळी उठली. वसुलीला आलेल्या सैनिकांना लोकांनी फासावर चढवले. ओलेन्नियुस पळून एका किल्ल्याच्या आश्रयाला गेला. पुढच्या लढाईत एका वनात ९०० रोमन सैनिक मारले गेले आणि सम्राट तिबेरियुसने ती हानी लपवून ठेवली.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा ओलेन्नियुसच्या क्रौर्याने मी तितका अस्वस्थ झालो नाही. कदाचित तो क्रूर नसेलही. कार्यक्षम असेल. वरिष्ठांना चांगली कातडी पाठवावीत, ढाली-तंबूंना टिकाऊ माल मिळावा, इतकाच त्याचा विचार असू शकेल. अस्वस्थ केले ते त्याच्या कृतीच्या साधेपणाने. ती सर्वस्वी नियमात बसणारी होती. ‘बैलाचे कातडे’ या शब्दांचा जो अर्थ सत्तेला सर्वांत लाभदायक, तो त्याने घेतला. मोजणारा माणूस आयुष्यभर हेच करू शकतो आणि त्याच्या सेवापुस्तिकेत एकही वाईट शेरा येत नाही.

हळर्ण जिंकणाऱ्या दों पेद्रु यांची कहाणी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. गोव्यात येण्यापूर्वी, १७१७ ते १७२१ या काळात, ते ब्राझीलमध्ये साओ पावलो आणि मिनास जेराइसचे गव्हर्नर होते. तिथे खाणीतल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा असे. तो काटेकोरपणे वसूल व्हावा म्हणून सोने सरकारी ओतशाळांतच वितळवावे असे ठरले आणि १७२० मध्ये विला रिका येथे उठाव झाला. दों पेद्रु यांनी त्याच्या एका पुढाऱ्याला, फिलीप दुश सांतुश याला, रीतसर खटल्यावाचून देहदंड दिला आणि उठावकर्त्यांची टेकडीवरची घरे जाळली. ती टेकडी आजही ‘जळकी टेकडी’ याच अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तिथेही तंटा हिश्शाच्या आकड्यावरून पेटला नव्हता. तो आकडा कोणी, कुठे आणि कसा मोजायचा यावरून पेटला होता. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढे चोवीस वर्षांनी मांडवीच्या उत्तरेकडे पाहू लागला.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश मात्र त्यांच्या एका स्वारीने पोर्तुगीजांचे झाले नाहीत. घेतलेले किल्ले तहात परत गेले. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली कायमची आली. पेडणे १७८८ मध्ये, कोल्हापूरकरांविरुद्ध साहाय्य हवे असलेल्या सावंतवाडीच्या खेम सावंतांनी दिले. या नव्या काबिजादीत राज्यकर्त्यांनी लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत हात घालणार नाही असे वचन दिले, आणि जुन्या काबिजादीत दोन शतकांपूर्वी देवळांचे जे झाले ते पाहता हे वचन लहान नव्हते. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला होता आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला होता, ही आठवण या भागात जिवंत होती. एकोणिसाव्या शतकात नव्या काबिजादीतल्या चालीरीतींचे संकलन करून त्यांना कायद्याचे रूपही देण्यात आले. अटी सौम्य होत्या, हे मान्यच केले पाहिजे. द्रुसुसच्या अटीही सौम्य होत्या.

तरीही साखळीच्या राण्यांनी त्या शतकात पुनःपुन्हा शस्त्र उचलले. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, त्यानंतर कुष्टोबांचे बंड झाले, १८९५ मध्ये दादा राणे उठले. राण्यांच्या स्वतःच्या वतनी हितसंबंधांचा यात मोठा भाग होता. त्यांना निव्वळ जनतेचे कैवारी ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. पण १८९५ च्या उठावाचा आरंभ ज्यांनी केला ते राणे नव्हते. ते पोर्तुगीज सैन्यातले मराठा शिपाई होते. मोझांबिकमध्ये आफ्रिकी लोकांचा प्रतिकार मोडण्यासाठी त्यांना समुद्रापार जाण्याचा हुकूम मिळाला. त्यांनी तो नाकारला, पणजी सोडली आणि नाणूसची वाट धरली. मग राणे त्यांना मिळाले. उठाव शमवण्यासाठी लिस्बनहून राजाचा भाऊ दों आफोंसु सैन्य घेऊन आला. दादा राण्यांना तिमोर बेटावर हद्दपारी भोगावी लागली.

साम्राज्य एका जित समाजाच्या हाताने दुसऱ्याला जिंकत असते आणि त्या हाताला हे फार काळ उमजणार नाही असे गृहीत धरते. इसवी सन ९ मध्ये रोमन सेनापती वारुसच्या तीन सैन्यदलांना जंगलात गाठून नष्ट करणारा आर्मिनियुस हा रोमन नागरिक होता, रोमन सैन्यात त्याने अधिकारपद भूषवले होते. वारुस जर्मन लोकांत न्यायनिवाडे करीत बसला होता, कर बसवीत होता. हा प्रदेश शांत झाला आहे अशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री देणाऱ्यांत आर्मिनियुस अग्रभागी होता. इथे मला न्याय्य असायला हवे. आर्मिनियुसचे कृत्य विश्वासघाताचे होते आणि १८९५ च्या शिपायांनी शपथ मोडली होती. निष्ठेला माझ्या लेखी फार मोठे मोल आहे. तिच्यावाचून कोणतेही राज्य, लोकांचे सुद्धा, चालत नाही. परंतु आपण अनुभवलेली वेठ उद्या अनोळखी देशातल्या अनोळखी शेतकऱ्यावर लादण्याचे काम जेव्हा शिपायाला सांगितले जाते, तेव्हा त्या शपथेची एक बाजू सत्तेने आधीच मोडलेली असते.

माझ्या कामाविषयी आता थोडे लिहितो, कारण या विषयाकडे मी ग्रंथांतून वळलो नाही. मुक्तीनंतर गोव्यात जमिनीची नव्याने मोजणी झाली, १९६४ मध्ये कूळ कायदा आला, आणि ‘एक-चौदाचा उतारा’ हा कागद घराघरांत तांदळाच्या डब्याजवळ जपून ठेवला जाऊ लागला. ज्या प्रदेशात भाटकाराचा शब्द हाच पुरावा होता, तिथे कुळाचे नाव सरकारी कागदावर उमटणे ही फार मोठी गोष्ट होती. त्या कामात माझा अल्पसा हात लागला याचे मला समाधान आहे. परंतु कागदाला रकाने असतात. डिचोलीच्या डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या कुमेरी करणारी माणसे होती: डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, नाचणी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचे. त्यांची शेती जागा बदलणारी, आणि आमचा रकाना एका जागेला एक नाव मागणारा. मी साखळी धरून उभा असे आणि समोरचा माणूस हात लांब करून तो संपूर्ण उतार दाखवी. तो खोटे बोलत नसे. त्याचे आजोबा खरोखरच त्या साऱ्या उतारावर राबले होते. मोजणीच्या दिवशी पीक उभे असलेला तुकडा तेवढा नोंदीत जाई.

माप चुकीचे होते असे मी म्हणत नाही. कोणत्याही राज्याला काहीतरी प्रमाण ठरवावेच लागते; प्रमाण नसेल तर बलवंताची वीत हेच प्रमाण होते. माझे म्हणणे एवढेच की माप लावणाऱ्याला ते कुणावर पडते आहे हे दिसत असते आणि राजधानीला ते दिसत नाही. कायदा करणारा दूर असतो, त्याला ‘बैल’ हा शब्द पुरतो. दोन्ही बैल पाहिलेला मनुष्य एकटा अंमलदार असतो. त्यामुळे त्याचे कर्तव्य हुकमाच्या पालनाने पुरे होत नाही; जे दिसले ते वर कळवणे हाही त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. ओलेन्नियुसला फ्रिसींची गुरे दिसत होती. तासितुसच्या वृत्तांतात त्याने वर काही कळवल्याचा उल्लेख नाही.

पेडण्याच्या उत्तर सीमेवर पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही तिथून गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज बंदुकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग तिथे पडले. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय ध्वज हाती घेऊन चालताना जखमी झाल्या. त्या दिवशी बंदुकीमागे उभ्या असलेल्यांनाही समोर काय दिसते आहे हे कळत होते: रिकामे हात, झेंडा, पावसात भिजलेली माणसे. लिस्बनला ते दिसत नव्हते. लिस्बनच्या लेखी तो सीमाभंग होता.

सहा वर्षांनी परिस्थिती उलटली. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना संदेश पाठवला. तह नको, शरणागती नको; पोर्तुगीज सैनिक विजयी तरी असावेत नाही तर मृत, असा त्याचा आशय होता. गव्हर्नरांजवळ साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते आणि विमानविरोधी संरक्षण नावालाच होते. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य आत आले. माघार घेताना पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथले पूल उडवले. लष्करी दृष्टीने उपयोगी तेवढे त्यांनी केले. त्यापलीकडे जाऊन पणजीसारखे शहर उद्ध्वस्त करण्याचे आणि शेवटच्या शिपायापर्यंत मरण्याचे वासालु इ सिल्व्हा यांनी नाकारले. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागती पत्करली. स्वदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळली, तेव्हा त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला.

वासालु इ सिल्व्हा यांना संत ठरवण्याची मला इच्छा नाही. त्यांच्या कारकिर्दीत आग्वादच्या तुरुंगात आमची माणसे होती. ते हुकूमशहाचे अधिकारी होते आणि तीन वर्षे त्यांनी तो अंमल चालवला. पण शेवटच्या दिवशी त्यांनी ते केले जे ओलेन्नियुसने केले नाही: वरून आलेले माप समोरच्या माणसांशी ताडून पाहिले आणि ते लागू होत नाही असे ठरवले. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, सैनिकांना मोजायला लावली नाही. आमच्या डिचोली-पेडण्यात त्या दोन दिवसांत जी घरे शाबूत राहिली आणि पलीकडे पोर्तुगालमध्ये ज्या घरांत मुलगे जिवंत परतले, त्यांच्यावर या अवज्ञेचे ऋण आहे. शौर्याच्या पाठ्यपुस्तकात तिला स्थान मिळणे कठीण आहे, आणि याचे मला दुःख वाटते.

इथे एखादा वाचक विचारील की लोकशाहीतल्या मोजणीदाराने स्वतःची तुलना साम्राज्याच्या अंमलदाराशी करावी का. ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर मला पेडण्यातल्या एका म्हाताऱ्या विधवेकडून मिळाले. तिच्या काजूच्या भाटाची हद्द मी आखत होतो. तिच्या मते खरी हद्द ओहोळाच्या पलीकडून जात होती. नकाशात ती ओहोळाच्या अलीकडे होती. ती बांधावर बसली आणि शांतपणे म्हणाली, “सर्वेअरबाब, हे माप कोणी ठरवले ते मला सांगा.” फ्रिसींना हा प्रश्न विचारता आला होता, त्यांनी तो विचारलाही होता, त्याचे उत्तर देण्यास कोणी बांधील नव्हते. मी बांधील होतो. मी पिशवीतून नकाशा काढला, नोंद कोणत्या कलमाखाली झाली ते तिला समजावले, हरकत कुठे, किती दिवसांत, कशी घ्यायची तेही सांगितले. तिच्या नातवाने अर्ज लिहिला. मी माझ्या टिपणात ओहोळाने पात्र बदलल्याच्या खुणा नमूद केल्या, कारण त्या मला दिसल्या होत्या.

सुनावणीला पुष्कळ काळ लागला. दरम्यान तिला अनेकदा तालुक्याला खेपा घालाव्या लागल्या. त्यासाठी तिने एकदा कर्जही काढले होते असे तिचा नातू म्हणाला. अखेर फेरमोजणीचा आदेश निघाला. ओहोळापलीकडचा निम्मा तुकडा तिच्या नावावर चढला, उरलेला निम्मा शेजाऱ्याकडे राहिला, आणि तो निकाल तिने मान्य केला नाही. तिने वरच्या न्यायालयात अपील केले.